मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज, टॅली, ऑफिस सगळीच लायसन्स मागू लागली: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपचा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलली, एसएसडी जुनीच लावली. मशीन सुरू झालं, फाइली जागच्या जागी आहेत. पण विंडोज कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट करा’ अशी पाटी लावून बसलंय, टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतंय, ऑफिस साइन-इन मागतंय आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ‘ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली’ म्हणतंय. सगळं रीतसर विकत घेतलेलं आहे. परत पैसे भरावे लागतील का?

बहुधा नाही. पण हे पूर्ण वाचून होईपर्यंत तीन गोष्टी करू नका. एसएसडी फॉरमॅट करू नका. तीच लायसन्स-की, म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड, पुन्हा पुन्हा टाकून बघू नका. आणि काढलेला मदरबोर्ड कुणाला देऊ नका, विकूही नका. या घडीला तुमच्याकडची सगळ्यात किमती वस्तू तीच आहे. का, ते पुढे येईलच.

बहुतेकांचा समज असा असतो की सॉफ्टवेअर डिस्कवर आहे म्हणजे लायसन्सही डिस्कवरच असणार, मग डिस्क तीच असताना तक्रार कसली? डिस्कवर असते ती फक्त पावती. त्या पावतीवर मशीनचा ठसा उमटवलेला असतो, आणि त्याचीच नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. प्रोग्रॅम उघडताना मशीनचा ठसा नव्याने घेतो आणि पावतीशी ताडून बघतो. जुळला तर काम सुरू, नाही जुळला तर तुम्ही त्याच्या लेखी अनोळखी. ही पद्धत घरोघरी पोचली ती २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर. एक्सपी मशीनचे दहा घटक बघायचं: प्रोसेसर, रॅम किती, डिस्क, नेटवर्क कार्ड, डिस्प्ले कार्ड, अगदी सीडी ड्राइव्हसुद्धा. एकदोन बदलले तर कानाडोळा, बरेच बदलले की पुन्हा ॲक्टिव्हेशन. आताच्या विंडोजमध्ये मदरबोर्डाचं वजन बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आहे. रॅम वाढवा, ग्राफिक्स कार्ड बदला, डिस्क नवी टाका, सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की मशीन नवं.

आधी दोन फुटकळ गोष्टी तपासा, कारण निम्म्या वेळा घोळ इथेच असतो. एक म्हणजे तारीख. नव्या बोर्डावर घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालावर असतं. तारीख चुकली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र मशीनला अवैध वाटतं, संपर्कच होत नाही, आणि प्रोग्रॅम भलतंच कारण सांगतो. मी एकदा दीड तास एका लेखा-सॉफ्टवेअरशी झगडलो, शेवटी बघतो तर मशीन सहा वर्षं मागे होतं. दुसरं म्हणजे नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवता यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम. बोर्ड नवा, लॅनची चिप नवी. विंडोजने ती ओळखली नसेल तर इंटरनेटच नाही आणि ॲक्टिव्हेशन कुठून होणार? फोन यूएसबीला जोडून टिथरिंग करा आणि ड्रायव्हर उतरवून घ्या.

आता विंडोज. तुमचं लायसन्स कुठल्या जातीचं आहे यावर सगळं ठरतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी लहान लिपीत ‘एसएलएमजीआर’, मग एक जागा, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘डीएलआय’ असं टाइप करा. एक छोटी खिडकी उघडेल. त्यात वर्णनाच्या ओळीत ‘ओईएम’, ‘रिटेल’ किंवा ‘व्हॉल्यूम’ यांपैकी काहीतरी असेल. ओईएम म्हणजे मशीनबरोबर आलेलं. ते त्या मशीनचंच, म्हणजे व्यवहारात त्या बोर्डाचंच. विंडोज ८ पासून तयार मशीनमध्ये कंपन्या की थेट बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये, कोरून देतात, त्याआधी बाजूला स्टिकर असायचा. बोर्ड खराब झाला म्हणून बनवणाऱ्या कंपनीने तसाच दुसरा बसवला, तर लायसन्स चालू राहतं. हौसेने नवा बोर्ड टाकला तर मायक्रोसॉफ्टच्या नियमाने ते नवं मशीन आणि त्याला नवं लायसन्स. इथे वाद घालून उपयोग नाही. रिटेल म्हणजे सुटं विकत घेतलेलं. ते एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं, मात्र एका वेळी एकाच. व्हॉल्यूम म्हणजे संस्थेने घाऊक घेतलेलं. त्यातला एक प्रकार संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून ॲक्टिव्हेट होतो आणि ते १८० दिवसच टिकतं. मशीन अधूनमधून त्या सर्व्हरला भेटलं नाही तर आपोआप उतरतं. असं काही तुमच्या घरच्या मशीनवर दिसलं तर ते तुम्हाला कोणी विकलं, हा वेगळाच प्रश्न आहे.

एक मेख सांगून ठेवतो. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड होऊन १० वर आलेल्या मशीनवर वर्णनात ‘रिटेल’ दिसतं. लोक खूश होतात. पण त्या खिडकीत कीची शेवटची पाच अक्षरंही दिसतात. ती प्रो आवृत्तीवर ‘३व्ही६६टी’ किंवा होमवर ‘८एचव्हीएक्स७’ असतील, तर ती तुमची की नाहीच. ती मायक्रोसॉफ्टची सर्वांसाठीची सामान्य की आहे, जगभर लाखो मशीनवर तीच असते. खरं लायसन्स म्हणजे सर्व्हरवरची डिजिटल नोंद, आणि ती जुन्या बोर्डाच्या नावे आहे. की शोधून देणारे जे प्रोग्रॅम मिळतात तेही हीच की दाखवतात, आणि माणसं ती वहीत जपून लिहून ठेवतात. तिने नवं मशीन ॲक्टिव्हेट होत नाही.

डिजिटल लायसन्स नव्या बोर्डावर आणायचा रस्ता विंडोज १० च्या २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात ॲक्टिव्हेशन, तिथे ट्रबलशूट. विंडोज १० मध्ये हेच ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडेल. ट्रबलशूटर आधी ‘जमत नाही’ म्हणतो, त्याच्या खालीच ‘या मशीनचं हार्डवेअर नुकतंच बदललं आहे’ अशा अर्थाचा दुवा असतो. तो दाबा, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करा, यादीतून जुनं मशीन निवडा, ‘सध्या हेच मशीन वापरतोय’वर खूण करा आणि ॲक्टिव्हेट. शून्य-एक्स-सी-००४-एफ-२११ हा एरर दिसत असेल तर घाबरू नका, त्याचा अर्थच ‘हार्डवेअर बदललेलं दिसतंय’ असा आहे आणि औषध हेच. हे करताना विंडोजवर तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असायला हवं. आणि आवृत्तीही जुळायला हवी: होमचं लायसन्स प्रोवर लागत नाही.

यादीत जुनं मशीनच दिसत नाही? मग ते लायसन्स कधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलंच नव्हतं. इथे तुमचा जुना बोर्ड कामाला येतो. थोड्या वेळात त्याच्याकडे वळतोच, तेव्हा हेही काम त्याच फेरीत उरकून घेऊ. रिटेलची स्वतःची २५ अक्षरांची की हाताशी असेल तर मात्र फेरीची गरज नाही, ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये ती टाका. आणि घाई तर अजिबात नको. ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज बंद पडत नाही. कोपऱ्यात पाटी राहते, वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत, एवढंच. या पाटीच्या धास्तीने रातोरात कुठूनतरी स्वस्तातली की घेणारे मी इतके पाहिलेत! त्या बहुधा कुणातरी संस्थेच्या घाऊक कोट्यातल्या नाहीतर भंगारात गेलेल्या मशीनच्या असतात. आज चालतात आणि पुढे कधीतरी मायक्रोसॉफ्टने त्या बाद केल्या की पाटी परत येते.

ऑफिसचं फार काही नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर ते माणसाला बांधलेलं आहे, मशीनला नाही. साइन-इन करा, संपलं. एका वेळी पाच मशीनवर साइन-इन राहता येतं. सहावं होत असेल तर खात्याच्या पानावरून जुन्याचं साइन-आउट करा. एकदाच पैसे भरून घेतलेलं २०१९ किंवा २०२१ असेल तर ते एका मशीनचं असतं, पण खात्याशी जोडलेलं असल्यामुळे पुन्हा उतरवून ॲक्टिव्हेट होतं. फक्त कुठल्या ईमेलने नोंदवलं होतं ते आठवायला हवं, आणि बहुतेकांचं अडतं ते तिथेच. अडोबीचंही तसंच: क्रिएटिव्ह क्लाउड दोन मशीनवर ॲक्टिव्ह राहतं, तिसऱ्यावर साइन-इन केलंत की आधीच्यांना बाहेर काढायचं का असं तेच विचारतं.

टॅलीकडे जरा सावकाश बघू, कारण तिथे माणसं उगाच धास्तावतात. एज्युकेशनल मोड म्हणजे डेटा गेला असं नाही. कंपनीची डेटा फोल्डर जशीच्या तशी आहे, फक्त व्हाउचर महिन्याच्या १, २ आणि ३१ अशा ठरावीक तारखांनाच टाकता येतात. म्हणून या अवस्थेत ‘तोवर एंट्री करून ठेवू’ असं म्हणून चुकीच्या तारखांनी नोंदी घालू नका, नंतर निस्तरताना डोकं दुखतं. आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग लायसन्सच्या मेनूमधून रीॲक्टिव्हेट करून बघा. त्यासाठी सिरियल नंबर आणि नोंदणीकृत ईमेल लागतो, आणि अनलॉक की त्याच ईमेलवर येते. तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. बाकी कुठल्याही तांत्रिक अडचणीपेक्षा याच एका कारणाने टॅलीची कामं जास्त दिवस लटकलेली मी पाहिली आहेत. रीॲक्टिव्हेशन ‘लायसन्स दुसऱ्या मशीनवर चालू आहे’ म्हणून अडलं, तर योग्य उपाय म्हणजे जुन्या मशीनवरून सरेंडर, म्हणजे तिथलं लायसन्स परत करून मोकळं करणं. म्हणजे पुन्हा जुना बोर्डच.

आता ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. खरी मेहनत इथे आहे, आणि इंजिनीअरिंग, संगीत, छपाई, भरतकामाची मशीन अशा सगळ्या धंद्यांतल्या सॉफ्टवेअरला हेच लागू पडतं. अशी लायसन्सं मशीनच्या कुठल्या तरी एकाच खुणेला बांधलेली असतात. तिला ‘होस्ट आयडी’ म्हणतात. ती खूण कोणती, हे कळलं की निम्मं काम झालं.

बऱ्याचदा ती नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असते. बोर्डावरची लॅन चिप बदलली म्हणजे मॅक बदलला. पण याच्या गमती फार. एका ऑफिसात बोर्ड बदलूनही लायसन्स बिनतक्रार चालू राहिलं, तेव्हा मीच चकित झालो. कारण इतकंच की ते मुळात यूएसबीला लावलेल्या छोट्या वायफाय अडॅप्टरच्या मॅकला बांधलेलं होतं, आणि तो अडॅप्टर नव्या मशीनला तसाच लावला होता. उलटही झालंय: लॅपटॉप तोच, काहीच बदललेलं नाही, पण डॉकिंग स्टेशन दुरुस्तीला गेलं आणि लायसन्स गेलं. त्या डॉकची लॅन पकडलेली होती. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ चालू असेल किंवा व्हीपीएनने आभासी कार्ड घुसवलं असेल, तरी हाच गोंधळ. म्हणून लायसन्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. बारा अंक-अक्षरांची ओळ सापडली तर तो मॅक असण्याची दाट शक्यता. मग ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून मशीनवरचे सगळे मॅक काढा आणि ताडून बघा.

दुसरी खूण म्हणजे व्हॉल्यूमचा सिरियल नंबर. हा डिस्कचा कारखान्यातला नंबर नव्हे. फॉरमॅट करताना विंडोज पार्टिशनला जो आठ अंक-अक्षरांचा नंबर देतं तो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हॉल’ लिहिलं की दिसतो. यामुळे एक विचित्र गोष्ट होते: याला बांधलेलं लायसन्स बोर्ड बदलला तरी टिकतं, पण तीच डिस्क फॉरमॅट केली की मरतं. आणि जुन्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, केलं तर पुन्हा टिकतं, कारण क्लोनबरोबर हा नंबरही येतो. सुरुवातीला ‘फॉरमॅट करू नका’ म्हटलं ते यासाठीही. डिस्कच्या कारखान्यातल्या नंबराला बांधलेलं असेल तर मात्र क्लोनने काही साधत नाही.

तिसरी, बोर्डाच्या फर्मवेअरमधला ओळख क्रमांक. दुरुस्ती केंद्रात लॅपटॉपचा बोर्ड बदलतात तेव्हा जुना सिरियल नंबर नव्या बोर्डात भरायचा असतो. घाईत तो राहतो आणि ती जागा कोरी जाते. एका लॅपटॉपवर मोजमापाचं सॉफ्टवेअर दर वेळी वेगळीच तक्रार करत होतं. चार दिवसांनी बायोसच्या (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या) पहिल्या पानावर माझं लक्ष गेलं: सिरियल नंबराची जागा रिकामी. केंद्राकडून नंबर भरून घेतल्यावर पाच मिनिटांत काम झालं. लॅपटॉप दुरुस्तीहून आला की हे पान आता मी आधी बघतो.

डोंगल वापरणारे यातून सुटतात. लायसन्स यूएसबीच्या त्या खुंटीत असतं, मशीन कितीही बदला. संगीताच्या प्लगइनसाठी आयलॉक वापरणाऱ्यांना लायसन्स मशीनवरून खुंटीवर आणि परत असं हलवता येतं. हरवली तर मात्र रडू कोसळतं, तेवढं एक सोडलं तर मला आजही हीच पद्धत आवडते.

तुमच्याकडे ‘मर्यादा संपली’ येतंय, म्हणजे सर्व्हरच्या हिशेबात जुनं मशीन अजून जागा अडवून बसलंय. कंपनीच्या संकेतस्थळावर खात्यात ‘डिव्हाइसेस’ किंवा ‘ॲक्टिव्हेशन्स’ असं पान आहे का बघा. असेल तर तिथूनच जुनं काढता येईल आणि पुढची खटपट वाचेल. नसेल तर जुन्या बोर्डाची फेरी.

ती अशी करा. आधी एसएसडीची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या डिस्कवर काढा. काही सॉफ्टवेअर हार्डवेअर सारखं बदलताना पाहून स्वतःची पावतीच बाद करतात, तेव्हा परतीचा रस्ता हवा. नव्या बोर्डावर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ते सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मशीनमध्ये नव्हे, कागदावर! बोर्ड बदलला की या कुलपाची किल्ली सांभाळणारी त्यातली टीपीएम चिपही बदलते आणि डिस्क कुलूपबंद होऊन हीच की मागते. लायसन्स गेलं तर पैशाचा प्रश्न, ही की गेली तर डेटाच गेला. मग जुना बोर्ड त्याच्या प्रोसेसर आणि रॅमसकट पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिच्यातून वीज वाहू शकते. पॉवर सप्लाय आणि एसएसडी जोडा, बायोसमध्ये तारीख बरोबर आहे आणि बूटची (विंडोज सुरू करण्याची) पद्धत पूर्वीचीच आहे याची खात्री करा, आणि सुरू करा. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर काही घडलंच नाही अशा थाटात उघडतात.

मग एकाच बैठकीत: ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीॲक्टिव्हेट किंवा ट्रान्सफर, टॅलीत सरेंडर, आणि विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन. ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स तुमच्या खात्याला जोडलेलं आहे’ असं स्पष्ट वाक्य दिसलं पाहिजे. प्रत्येकाचा फोटो काढा. इंटरनेट चालू असताना करा. नेटशिवाय डीॲक्टिव्हेट केलं तर पावती फाटते पण सर्व्हरला पत्ता लागत नाही. मी सुरुवातीच्या काळात एका ऑफिसची पाच मशीन अशी नेट काढून ‘व्यवस्थित’ मोकळी केली होती. परत मिळवायला नऊ दिवस पत्रव्यवहार चालला.

जुना बोर्ड सुरूच होत नसेल तर कंपनीच्या सपोर्टला लिहावं लागेल. भावनिक काही लिहू नका. पहिल्याच ईमेलमध्ये सिरियल नंबर, खरेदीचं बिल, नोंदणीचा ईमेल, जुना होस्ट आयडी, नवा होस्ट आयडी आणि ‘मदरबोर्ड बंद पडला, जुनं मशीन वापरात नाही’ हे एक वाक्य. जुना होस्ट आयडी लायसन्स फाइलमध्ये सापडतो. एवढं सगळं एकदम दिलं की सहसा पहिल्या उत्तरातच काम होतं. तुकड्यातुकड्याने दिलं की प्रत्येक तुकड्याला एक दिवस. सॉफ्टवेअर फार जुनं असेल आणि कंपनीने त्याचा ॲक्टिव्हेशन सर्व्हरच बंद केला असेल, तर मात्र बिल असूनही हात टेकावे लागतात. अडोबीच्या सीएस२ चा सर्व्हर असाच बंद झाला. अशा सॉफ्टवेअरवर पोट असेल तर ते जुनं मशीन जसं आहे तसं वेगळं ठेवा, त्याला अपग्रेड करूच नका.

सगळं नव्या बोर्डावर आल्यावर मशीन दोनदा पूर्ण बंद करून सुरू करा, आणि ज्या नेटवर्कवर रोज काम करता त्यावर सगळी सॉफ्टवेअर एकेकदा उघडून बघा. काही लायसन्सं पहिल्या दिवशी हसून उघडतात आणि पुढच्या तपासणीला अडतात. आठवडाभर बिनतक्रार चाललं की मग जुना बोर्ड खुशाल विका.